हंगामाच्या सणाला दिलेली सायकल

मी जन्मभर बोलत आले. आमचे हे म्हणायचे, "तुझ्याशी लग्न केलं आणि रेडिओ घ्यायचा राहून गेला." म्हणून मी एकदा काही महिने बोलतच नव्हते असं सांगितलं की माझ्या नातवंडांना ती थाप वाटते. थाप नाही. त्याच दिवसांत माझ्या दोन मुलींनी त्यांच्या पप्पांची सायकल नेऊन मंदिरात दिली. घरात त्यांचं म्हणावं असं तेवढंच राहिलेलं. ते कसं झालं ते लिहिते. मी शाळा चौथीपर्यंत शिकले, पुढचं वाचन पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून वाचून आलं, तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही नगरकडचे. लग्न झालं आणि भिवंडीला आलो, कामतघरला चाळीत एक खोली घेतली. हे लूमच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम अडली, बिघडली की ती दुरुस्त करणारा. मी त्याच गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्यात कांडी भरायला जायचे. कांडी म्हणजे लूमवर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी, ती मशीनवर भरत बसायची. सुट्टी आम्हाला शुक्रवारची. रविवारी लूम चालू. म्हणून हे दर रविवारी सकाळची उपासना झाली की मंदिरातूनच थेट दुसऱ्या शिफ्टला जायचे, पॅंटच्या पायाला क्लिप लावून, मागं डबा अडकवून. सायकल काळी, जुनी, दांडीवाली. सीटला मी लूमच्या चिंध्यांचं कव्हर शिवलं होतं.

मंदिर म्हणते, पण तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी उपासना व्हायची. माणसं थोडी, पण सण सगळे. त्यात हंगामाचा सण मोठा. गावाकडं या सणाला पहिली कणसं आणायची, कोंबड्या, भोपळे, कुणी गुळाची ढेप. सगळं पुढं ठेवायचं, प्रार्थना व्हायची, मग अंगणात त्याचा लिलाव आणि आलेला पैसा मंडळीच्या कामाला. भिवंडीत कुणाला शेत आहे? तरी सण काही आम्ही सोडला नाही. कुणी केक करून आणायचं, कुणी टॉवेल, कुणी शेवग्याच्या शेंगांची जुडी, एखादा आपल्या लूमवरची चादर.

मुलींनी आपापलं काहीतरी द्यायचं, हा यांचा नियम. पहिल्या वर्षी थोरलीनं एक जुना फ्रॉक काढला, बगलेत उसवलेला. यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला.

"हा का देतेस?"

"मला होत नाही म्हणून."

"म्हणजे नको झालेला. नको झालेलं देवाला कशाला? त्याच्याकडं काय भंगारचं दुकान आहे?"

पोरगी हिरमुसली. मग यांनी काय करावं, तर नाताळसाठी शिवून आणलेला नवा शर्ट पिशवीत भरला आणि दिला मंदिरात. त्या नाताळात जुन्याच शर्टावर हिंडले. मी फार बोलले, अर्थात. हे म्हणाले, "तू बोल, मी ऐकतो. पण मुलींनी बघितलं ना, ते काम झालं."

दुसरा नियम कोंबडीवरून लागला. धाकटीनं एक कोंबडी पाळली होती, तपकिरी, तिच्या मागं मागं फिरणारी. एका वर्षी तीच कोंबडी तिनं सणाला दिली. स्वतःहून, आम्ही म्हटलं नव्हतं. लिलावात ती मंडळीतल्याच एका काकांनी घेतली. ते जकात नाक्यावर नोकरीला होते, राहायला दोन गल्ल्या पलीकडं. दुसऱ्या दिवशी बघते तर कोंबडी आमच्या खाटेखाली. आपली आपण परत आलेली. दोघी मुली नाचायला लागल्या. धाकटी म्हणाली, "पप्पा, मी दिली होती, पण तिलाच जायचं नव्हतं. आता ठेवू या ना."

यांनी कोंबडी धरली, पाय बांधून कॅरियरला लावली, धाकटीला पुढं दांडीवर बसवलं आणि काकांच्या दारात नेऊन दिली. वाटभर पोरगी रडत होती. परत आले तेव्हा रडायची थांबली होती. मी विचारलं, काय सांगितलंत तिला? म्हणाले, "एवढंच सांगितलं, कोंबडीला कळत नाही, आपल्याला कळतं. दिलेलं दारात आलं तरी ते आपलं नसतं."

आणि तिसरा नियम, सौदा करायचा नाही. थोरलीनं एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हटलं, देवा, मी कंपासपेटी देते, माझा पहिला नंबर आण. हे प्रार्थना संपेपर्यंत थांबले आणि मग हसले. म्हणाले, "देव काय शेट आहे का, भाव करायला? सांगायचं त्याला सगळं. मागायचंसुद्धा. पण हे घे आणि ते दे, असं नाही." भिवंडीत सगळं जगच भाव करतं, पोरींना ते कुठून कळावं. पण पप्पांनी सांगितलं म्हणून ऐकलं.

असे ते नियम. शिकवायचं काम त्यांचं. मी बाकीचं बोलायची.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी यांना कावीळ झाली. त्या वर्षी गल्लीत बऱ्याच जणांना झाली होती, म्हणून आधी कुणी घाबरलं नाही. डोळे पिवळे, तरी कामावर जात होते. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झालेला. मुली दोघी शाळेत होत्या, थोरली सातवीत, धाकटी चौथीत.

मी रडले नाही. याच्याबद्दल चाळीत फार चर्चा झाली. शेजारची भाभी उत्तर प्रदेशाकडची, तिचा नवरा लूम चालवायचा. ती माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणायची, "रो ले बहन, रो ले, हल्की हो जाएगी." मी तिच्या हातातल्या बांगड्या बघत बसायची. तिच्या हाताचं वजन कळायचं, बाकी काही नाही. जेवण करायचे, भांडी घासायचे, वेण्या घालायचे. वेणी घालताना थोरली म्हणायची, "आई, ओढतेयस." मग हात सैल सोडायचे. दुखलं असेल हे मला तिनं सांगितल्यावर कळायचं.

मी बोलत नाही हे कारखान्यात कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिथं मशीनच्या आवाजात कोण बोलतं? हातानंच सगळं. घरी मात्र मुलींच्या लक्षात आलं. त्या काही विचारायच्या, मी "हो" म्हणायचे, नाहीतर "हं". कशालाही. संध्याकाळची प्रार्थना मी चुकवली नाही, पण ती कशी, तर दाराला कडी लावतो तशी. शब्द म्हणायचे, आमेन म्हणायचं, झालं. शास्त्रातलं वाचून दाखवायची थोरली. मी मागं भिंतीला टेकून बसायची.

आणि एक करायची. सायकल व्हरांड्यात उभी असायची, आमच्या दाराला लागून. कामावरून आले की तिच्या सीटवर हात ठेवून उभी राहायची. रडायला नाही, आठवायला नाही. नुसता हात. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आतून धाकटी बघायची, हे तिनंच मला पुढं सांगितलं.

तर अशात हंगामाचा सण आला. मला त्याची आठवणही नव्हती. आदल्या दिवशी मुली व्हरांड्यात सायकल धूत होत्या. सोड्याच्या पाण्यानं पुसून, चेनला डोक्याचं तेल घालून. भाभी येऊन म्हणाली, "लड़कियाँ साइकिल चमका रही हैं, बेचनी है क्या?" मी "हाँ" म्हटलं. थोरलीनं विचारलं, "आई, उद्या पप्पांची सायकल सणाला नेऊ?" मी "हं" म्हटलं. मी ऐकलंच नव्हतं. तिनं विचारलं होतं मात्र.

रविवारी त्या शब्बाथ शाळेला, म्हणजे उपासनेआधीच्या मुलांच्या वर्गाला, पुढं गेल्या. मी मागून निघाले. भेटायला आलेल्या कुणीतरी ठेवलेला एक नारळ घरात पडून होता, तोच घेतला. नको झालेलंच म्हणा. दारातून निघताना व्हरांडा मोकळा होता, हेही मला दिसलं नाही.

हॉलमध्ये शिरले तर पुढं टेबल, त्याच्यावर भोपळे, केक, चादरी, पायाला दोरी बांधलेला एक कोंबडा, आणि टेबलाच्या बाजूला सायकल. हॅंडलला झेंडूची माळ. सीटला माझं चिंध्यांचं कव्हर. मी नारळ ठेवायला पुढं गेले, ठेवला, आणि परत येऊन बसले. पाय आपोआप चालले. छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. आता होईल, मग होईल, अशी मी वाट बघत बसले.

उपासना झाली. बाहेर पटांगणात लिलाव सुरू झाला. लिलाव करायचे तेच कोंबडीवाले काका. नाक्यावर ट्रक थांबवून थांबवून त्यांचा आवाज कमावलेला.

"हा भोपळा बघा, पाळकसाहेबांच्या प्रवचनापेक्षा लांब. बोला. एक वार, दोन वार... हा कोंबडा. हा घरी असला की पहाटे उठलो नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. तरुण संघानं तर घ्यायलाच पाहिजे."

लोक हसत होते. मग सायकलीशी आले आणि त्यांचा आवाज उतरला. सगळ्यांना ठाऊक होती कुणाची ते. पाळकसाहेब माझ्याजवळ आले, वाकून हळू म्हणाले, "बाई, मुलींनी आणलीय. चुकून आली असेल तर घेऊन जा घरी. कुणी काही म्हणणार नाही."

थोरली शेजारीच होती. म्हणाली, "चुकून नाही. आईला विचारलं होतं. ती हो म्हणाली."

"अगं पण बेटा, दुसरं काही..."

"दुसरं सगळं साधंच आहे आमच्याकडं. चांगलं हेच आहे."

पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. धाकटीनंही बघितलं. मी जर म्हटलं असतं, राहू दे, घरी ने, तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. माझा हात ठेवायला जागा राहिली असती. पण मग या दोघींना त्यांच्या पप्पांनी सांगितलेलं काय उरलं असतं? पप्पा गेल्यावर ते नियमही गेले, असंच ना? एवढा विचार मी तेव्हा केला असं म्हणणार नाही. तेव्हा मी "दिलीय ती" एवढंच म्हटलं. बऱ्याच दिवसांत दोन शब्द सलग निघाले होते.

काका म्हणाले, "तर, ही सायकल. बोला."

कुणी बोलेना. कोण बोलणार? त्या सायकलीवर बोली लावायची म्हणजे माझ्यासमोर हात पुढं करायचा. बायका पदर नीट करत राहिल्या, माणसं चपलांकडं बघत राहिली. आणि पाठीमागून एक हात वर झाला. मंडळीत नुकताच यायला लागलेला एक पोरगा, जालन्याकडचा, काल्हेरला गोडाऊनमध्ये माल उतरवायला. राहायला कामतघरलाच. रोज इथून काल्हेर, बहुतेक वेळा पायी. त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्यानं आपली बोली सांगितली. सगळ्यांनी वळून त्याच्याकडं असं बघितलं की तो बिचकला.

"चालते ना सायकल?" त्यानं विचारलं.

"चालते," काका म्हणाले.

"मग कुणी घेत का नाही?"

काका म्हणाले, "एक वार." मग बराच वेळ थांबले. "दोन वार." पुन्हा थांबले, माझ्याकडं बघून. मी जमिनीकडं बघत होते. "तीन वार."

त्यानं झेंडूची माळ काढून टेबलावर ठेवली, घडी घालून, जपून. आणि सायकल घेऊन गेला.

घरी आलो. स्वयंपाक केला. व्हरांड्यात भिंतीवर हॅंडल टेकून टेकून एक काळा डाग पडला होता, तो आता दिसत होता. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. थोरलीनं वाचलं. मग धाकटीनं डोळे घट्ट मिटून प्रार्थना केली. आधी नेहमीचं, भाकरीबद्दल आभार, शाळेबद्दल आभार. मग म्हणाली, "देवा, आम्ही पप्पांची सायकल तुला दिली. आता आईला बोलू दे."

थोरलीनं तिला कोपर मारलं. "सौदा करायचा नाही. पप्पांनी काय सांगितलंय?"

"मी सौदा नाही केला. नुसतं सांगितलं."

"सायकल दिली, मग आईला बोलू दे. हा सौदाच आहे."

"तू गप. तू माझी प्रार्थना मोडलीस."

मी हे ऐकत होते. कारखान्यात कुणी लांबून ओरडलं की तोंड हललेलं दिसतं आणि अर्थ मागाहून पोचतो, तसं ऐकत होते. पोरीनं कोंबडी दिली होती तेव्हाही मनापासून दिली होती, आणि आता माझ्यासाठी पप्पांची सायकल दिली. तिला उठून जवळ घ्यायला पाहिजे, एवढं मला कळत होतं. उठणं होत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली. आमचीच. तिचा आवाज फुटका, खरखर करून वाजायची. दोघी मुली ताठ झाल्या. मी दार उघडलं तर तोच पोरगा, सायकल हातात धरून.

"सलाम, मावशी." आमच्या मंडळीत भेटलं की हेच म्हणतात.

"सलाम."

"मला ठाऊक नव्हतं. दुपारी एकानं सांगितलं. मला फार वाईट वाटलं." त्यानं स्टॅंड लावून सायकल तिच्या जुन्या जागी उभी केली. हॅंडल त्या काळ्या डागाला बरोबर टेकलं. "पैसे मंडळीत दिलेत ते राहू द्या तिकडं. माझ्याकडून समजा. ही तुमची तुम्ही ठेवा."

माझा हात सीटवर गेला. सवयीनं. कव्हर दिवसभराच्या उन्हानं अजून गरम होतं. मागं पडद्याआड दोघी उभ्या आहेत हे मला न बघता कळत होतं. आणि मला काय आठवावं, तर ती तपकिरी कोंबडी, कॅरियरला बांधलेली, मान उलटी करून बघणारी.

मी हात काढला.

"मागचा ब्रेक लागत नाही," मी म्हटलं.

"काय?"

"मागचा ब्रेक. नुसता दाबून उपयोग नाही, पुढचा आधी हळू धरायचा आणि मग मागचा. एकदम पुढचा धरलास तर तोंडावर पडशील. चेन सैल आहे, चढावर उतरते, तेव्हा चढावर उभं राहून पॅडल मारायचं नाही, उतरायचं आणि हातात धरून चालायचं. लाज वाटून घ्यायची नाही. डाव्या पॅडलला टाच लागते, चप्पल मागं घसरते, तर पट्ट्याची चप्पल घाल. काल्हेरच्या रस्त्याला ट्रक फार. ट्रकवाल्याशी हुज्जत घालायची नाही, तो आला की आपण खाली मातीत उतरायचं. आणि पंक्चर नाक्यावरच्या म्हाताऱ्याकडंच काढायचं, दुसरा ट्यूब बदलायला सांगतो. पोरींनी चेनला खोबरेल घातलंय, ते चालत नाही, धूळ धरतं. मशीनचं तेल घाल. लूमवाल्या कुणाकडंही मागितलंस तर देतील. जेवलास का?"

"नाही अजून. मावशी, पण ही..."

"ही तुझी आहे. पॅंटला क्लिप लाव, नाहीतर पाय अडकतो. थांब, क्लिप देते."

क्लिप आत खिळ्याला लटकत होती. ती काढायला वळले तर पडद्याआडून कुजबुज आली.

"बघ," धाकटी म्हणाली.

"गप," थोरली म्हणाली. पण तिचा आवाज रागाचा नव्हता.

पोरगा भाकरी खाऊन गेला. जाताना सायकल व्हरांड्यातून उतरवताना त्यानं मागचा ब्रेक दाबून बघितला आणि मान हलवली.

आता कुणाला वाटेल की त्या रात्रीपासून मी मोकळी झाले. तसं काही झालं नाही. रडू आलं ते पुष्कळ महिन्यांनी, आणि तेही भलत्याच कारणानं. अजूनही माझ्या मुली मंडळीत सांगतात की आईचा विश्वास मोठा. मी त्यांना म्हणते, अगं विश्वास कुठला, मला त्या दिवशी काहीच वाटत नव्हतं. तुमच्या पप्पांनी केलं असतं तेवढंच केलं. त्या म्हणतात, तेच आम्ही म्हणतोय. आता यावर काय बोलणार? आणि मी तर बोलणारी बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेण्या घालत होते. खाली गल्लीत ती फुटकी घंटी वाजली, खरखर करत, आणि काल्हेरच्या बाजूला गेली.

"पप्पांची सायकल कामाला गेली," धाकटी म्हणाली.

"पप्पांची नाही. त्या दादाची," थोरली म्हणाली.

मी कान देऊन ऐकलं. "चेनचं तेल बदललेलं नाही त्यानं," मी म्हटलं.